मोटारीच्या पाठीवरचा 'हलता पंख' : वेग, वारा आणि पकड
माहूर, प्रतिनिधी

रेणुकामाता आणि दत्तात्रेयांच्या दर्शनासाठी माहूरगडावर येणाऱ्या वाहनांमध्ये अलीकडे मागच्या डिकीवर उंच 'पंख' बसवलेल्या मोटारी बऱ्याच दिसतात. या पंखामुळे गाडी रस्त्याला चिकटून चालते, अशी तरुण वाहनचालकांची समजूत असते. तिला शास्त्रीय आधार आहे, मात्र तो विशिष्ट वेगाच्या पुढेच लागू होतो. समृद्धी महामार्गाने मराठवाड्यात ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आणली असून नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावात माहूरचा समावेश आहे. या पार्श्वभूमीवर हा पंख, विशेषतः वेगानुसार आपोआप वर-खाली होणारा 'ॲक्टिव्ह रिअर स्पॉयलर', नेमके काय करतो याची ही माहिती.

गाडी हलकी का होते?

मोटारीचा वरचा भाग फुगीर आणि तळ सपाट असतो. धावत्या गाडीच्या टपावरून जाणारी हवा अधिक वेगाने वाहते, तेथील दाब घटतो आणि गाडी किंचित वर उचलली जाते. विमानाला उपयोगी पडणारे हे उत्थापक बल मोटारीला मात्र घातक ठरते. मागच्या काचेवरून उतरत्या आकाराच्या मोटारींमध्ये त्याचा परिणाम मागच्या चाकांवर अधिक होतो.

हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. दोन चौरस मीटर दर्शनी क्षेत्रफळाच्या आणि मागच्या बाजूचा उत्थापन गुणांक ०.१ असलेल्या मोटारीचा हिशेब केला, तर ताशी ६० किलोमीटर वेगात मागची बाजू साडेतीन किलोंनी हलकी होते. ताशी १२० किलोमीटरला हा आकडा सुमारे १४ किलो आणि ताशी २४० किलोमीटरला ५४ किलोंवर जातो. दीड टन वजनाच्या गाडीला पहिले दोन आकडे किरकोळ आहेत. तिसरा आकडा वळणावर निर्णायक ठरू शकतो.

टायरची रस्त्यावरील पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. गाडीत वजन ठेवूनही भार वाढवता येतो, पण मग ते वजन वळणावर गाडीला बाहेरही खेचते. हवेने दिलेल्या भाराला स्वतःचे वस्तुमान नसते. पकड वाढते, बाहेर फेकण्याची ओढ वाढत नाही. वेगवान मोटारींच्या अभियंत्यांना हवेचा दाब हवाहवासा वाटतो, तो याच कारणाने.

स्पॉयलर आणि विंग

बोलीभाषेत दोन्हींना स्पॉयलरच म्हणतात, तरी त्यांचे काम वेगळे आहे. स्पॉयलर हा डिकीच्या कडेला लागून असतो. तो टपावरून येणारा प्रवाह अडवून उत्थापन कमी करतो. विंग म्हणजे खाबांवर उभा केलेला, विमानाच्या पंखाला उलटे ठेवावे तसा पंख. त्याच्या वरून आणि खालून हवा वाहते आणि तो गाडीला प्रत्यक्ष खाली दाबतो. दोन्हींची किंमत हवेच्या वाढीव अवरोधाच्या रूपात मोजावी लागते. इंधन अधिक जळते, कमाल वेग घटतो. शिवाय उंच पंख मागचे दृश्य अडवतो.

हलत्या पंखाची कल्पना या अडचणीतून आली. शहरात पंख डिकीत मिटलेला राहतो. वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की नियंत्रक संगणक विजेच्या मोटारीला किंवा हायड्रॉलिक दट्ट्याला आज्ञा देतो आणि पंख वर येतो. अधिक प्रगत प्रणाली वेगासोबत ब्रेकचा दाब, सुकाणूचा कोन आणि चालकाने निवडलेली पद्धत विचारात घेऊन पंखाचा कोनही बदलतात.

हाताळणीत काय फरक पडतो?

सरळ रस्त्यावर मागची चाके भाराखाली राहिल्याने आडव्या वाऱ्यात किंवा मार्गिका बदलताना गाडी कमी डोलते. वेगवान वळणावर चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे सरकतो आणि आधीच हलकी झालेली मागची बाजू घसरून गाडी स्वतःभोवती फिरू शकते. वर आलेला पंख ही शक्यता कमी करतो.

पंखाचा अतिरेकही चांगला नाही. मागे दाब फार वाढवला आणि पुढे तसाच ठेवला, तर पुढची चाके तुलनेने कमकुवत पडतात. सुकाणू वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून मागच्या पंखाचे गणित पुढच्या बंपरच्या आणि तळाच्या रचनेशी जुळवून करावे लागते.

तिसरा उपयोग ब्रेकचा. फ्रान्समध्ये तयार झालेल्या बुगाटी व्हेरॉन या २००५ मध्ये उत्पादनात आलेल्या मोटारीत ताशी २०० किलोमीटरपेक्षा अधिक वेगात ब्रेक दाबताच पंख अर्ध्या सेकंदाच्या आत ५५ अंशांपर्यंत उभा राहतो. तो हवेला अडवतो आणि ब्रेक लावताना हलक्या होणाऱ्या मागच्या चाकांना खालीही दाबतो. याच मोटारीला ताशी ४०० किलोमीटरचा टप्पा ओलांडायचा असेल, तर मात्र पंख जवळजवळ मिटावा लागतो. पकड आणि कमाल वेग यांतील सौदा येथे स्पष्ट दिसतो.

शर्यतीपासून रस्त्यापर्यंत

अमेरिकेच्या जिम हॉल यांच्या 'चॅपराल २ई' या शर्यतीच्या मोटारीत १९६६ मध्ये चालकाच्या पायाखालील पेडलने पंखाचा कोन बदलत असे. १९६९ मध्ये स्पेनच्या मोंज्विक येथील फॉर्म्युला वन शर्यतीत पंख मोडल्याने लोटस संघाच्या दोन्ही मोटारींना अपघात झाला आणि त्यानंतर उंच व हलत्या पंखांवर निर्बंध आले. रस्त्यावरील मोटारींत फोक्सवॅगन कोराडो (१९८८) आणि पोर्श ९११ कॅरेरा ४ (१९८९) यांनी आपोआप उघडणारा स्पॉयलर रूढ केला. पोर्शेचा स्पॉयलर ताशी ८० किलोमीटरला वर येत असे.

ऑडीच्या टीटी या मोटारीने दिलेला धडा सर्वांत महत्त्वाचा. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या टीटीची गोलाकार पाठ देखणी होती, पण तिच्यावर स्पॉयलर नव्हता. जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात मार्गिका बदलताना किंवा वळताना झालेल्या जीवघेण्या अपघातांनंतर कंपनीला या मोटारी परत बोलवाव्या लागल्या. मागे स्थिर स्पॉयलर, बदललेले सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली बसवण्यात आली. २००६ च्या दुसऱ्या पिढीत ताशी १२० किलोमीटरला उघडणारा स्पॉयलर मूळ आराखड्यातच आला. ऑडीच्या इतर काही मोटारींची जुळणी मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे झाली. टीटी मात्र आयात होत असे.

टाटा आणि महिंद्रांचे नाते

मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन उद्योगसमूहांचा या तंत्राशी थेट संबंध आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०१३ मध्ये आलेल्या जग्वार एफ-टाइपच्या उघड्या टपाच्या मोटारीत स्पॉयलर ताशी सुमारे ९६ किलोमीटरला वर येई आणि ६४ च्या खाली मिटे. त्यामुळे उत्थापन कमाल १२० किलोंपर्यंत घटते, असे कंपनीने सांगितले होते. हा आकडा ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासचा मानला, तर ताशी १२० किलोमीटरला लाभ सुमारे १९ किलो उरतो. एफ-टाइपचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. इटलीच्या पिनिनफरिना या आरेखन संस्थेवर महिंद्रा समूहाची मालकी असून, समूहाच्याच ऑटोमोबिली पिनिनफरिनाने २०१९ मध्ये जिनिव्हात सादर केलेल्या बॅटिस्टा या विजेवरील मोटारीचा मागचा पंख ब्रेकचेही काम करतो.

आपल्या रस्त्यांवर

माहूरच्या घाटात वेग क्वचितच ताशी ४० किलोमीटरपुढे जातो. तेथे कोणताही पंख निरुपयोगी आहे. टायरची नक्षी, हवेचा दाब आणि ब्रेक यांवरच सारे अवलंबून आहे. समृद्धीवरील कायदेशीर वेगातही लाभ मर्यादितच राहतो. उन्हाळ्यात तो आणखी घटतो, कारण ४२ अंश तापमानाची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी विरळ असते. उलट त्याच उन्हात, ताशी १२० किलोमीटरला झिजलेला टायर फुटला, तर पंख चालकाला वाचवू शकत नाही.

बाजारातून आणून बसवलेल्या पंखाचा धोका वेगळा. तो त्या मोटारीच्या आकारावर वातबोगद्यात तपासलेला नसतो, त्यामुळे दाब वाढतो की घटतो हे चालकाला कळत नाही. स्क्रू किंवा चिकटपट्टीवर तगलेला पंख वेगात सुटला, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

ज्यांच्या मोटारीत कारखान्यातूनच हलता स्पॉयलर आला आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. धूळ आणि चिखल साचून यंत्रणा अडकू नये म्हणून फटी स्वच्छ ठेवाव्यात. मिटणाऱ्या पंखाखाली बोटे, विशेषतः लहान मुलांची, येणार नाहीत याची काळजी घ्यावी. स्पॉयलर बिघडल्याचा इशारा दिवा लागल्यास वेग कमी ठेवून अधिकृत सेवा केंद्र गाठावे. पंख उघडलेला नसताना अतिवेगात गाडीचे वर्तन नेहमीसारखे राहत नाही आणि हे चालकाला पहिल्यांदा कळते ते बहुधा वळणावर.