झाडीत वस्ती कोणी केली?

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडाऱ्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला जो मुलूख पसरला आहे, त्याला आमच्याकडे ‘झाडी’ म्हणतात. या झाडीतला माणूस पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन झाला की दुसरा प्रश्न विचारतो, ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ पुण्यासाताऱ्याकडच्या माणसाला या प्रश्नात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्याकडे त्याला निराळे वजन आहे. ‘आम्ही पहिल्यापासून इथलेच’ असे छातीवर हात ठेवून सांगू शकणाऱ्या गोंडांसारख्या जुन्या जमाती सोडल्या, तर इथल्या बहुतेक घराण्यांच्या कहाणीची सुरुवात ‘आमचे पूर्वज अमक्या ठिकाणाहून आले’ अशीच होते. कोणी काशीचे नाव घेतो, कोणी धारचे, कोणी वऱ्हाडचे. आले ते सारे एकाच कामासाठी : जंगल तोडायचे, तळे बांधायचे आणि धान पिकवायचे.

अमेरिकेत १६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ उतारू गेले. त्यांची नावनिशी राहिली आणि १८९७ साली त्यांच्या वंशजांनी आपली एक संस्थाही काढली. आपण त्या उतारूंपैकी अमक्याचे वंशज आहोत, हे कागदाने सिद्ध केल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. आमच्या झाडीतले वस्तीकर जहाजातून आले नाहीत. बैलगाड्यांतून आले, पायी आले, कोणी फौजेमागून आले. त्यांची यादी कोणी धरली नाही. मग त्यांचा माग काढायचा कसा?

मी धंद्याने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. एका कादंबरीसाठी गाव वसवणाऱ्या घराण्याचा वृत्तांत मला हवा होता, म्हणून या शोधाला लागलो. कादंबरी बाजूला राहिली, शोध मात्र सुटला नाही. रचून सांगण्याची ज्याला सवय असते, त्याला दुसऱ्याने रचलेलेही लवकर ओळखू येते. एवढा एक फायदा मला या कामी झाला.

आरंभ कोहळ्यांपासून करू. भंडारा जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने इथल्या लहानमोठ्या तळ्यांची संख्या साडेतीन हजारांवर सांगितली आहे. त्यांतली मोठमोठी तळी कोहळी समाजाने बांधली. त्यांच्यात अशी परंपरा सांगतात, की चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्याने तिथले पाण्याचे जाणकार लोक पाहिले आणि आपल्या राज्यात आणून वसवले. जो जंगल तोडील त्याला ती जमीन आणि जो तळे बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढे रान, असा गोंड राजांचा कौल होता असेही सांगतात. चांद्याकडे अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. तो शब्द आजही तिकडच्या गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांना चिकटून राहिला आहे.

या परंपरेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे नवेगावबांध. पूर्वी ते भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याची वाटणी झाली, तेव्हा ते गोंदिया जिल्ह्याकडे गेले. जुन्या गॅझेटियरप्रमाणे या तलावाचा घेर सतरा मैलांचा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला. डोंगरांच्या दोन सोंडांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची आणि मागे पाण्याचा समुद्र उभा करायचा, ही कोहळ्यांची रीत. भोवतालच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि त्यांतल्या एकावर कोलासूर देवाचे ठाणे आहे. हा कोलासूर म्हणजेच कोलू पाटील. तळे बांधणारा माणूस दोन-तीन पिढ्यांत देव होऊन बसला! दर पिढीला तीस वर्षे धरली, तर त्याच्यापासून आजपर्यंत दहा पिढ्या होतात. आणि गावाचे नाव पाहा, नवेगाव. कोणे एके काळी ते खरोखरच नवे होते, याची एवढी साधी नोंद दुसरी कोणती असेल?

दुसरे मोठे वस्तीकर म्हणजे पोवार. हे माळव्यातून, धारेकडून आले असे ते सांगतात. त्यांचा पहिला मुक्काम रामटेकजवळच्या नगरधनला पडला. तिथून ते अंबागड, चांदपूरकडे आणि पुढे वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरले. त्यांच्यातले काही जण चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकच्या स्वारीत गेले आणि त्या चाकरीबद्दल त्यांना पडीक जमिनी मिळाल्या, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनी करून ठेवली आहे. त्यापूर्वी देवगडच्या बख्त बुलंद राजानेही सगळीकडून कष्टाळू माणसे बोलावून वसवली होती. १७०२ मध्ये नागपूर वसवले ते त्यानेच. तेव्हा झाडीतल्या वस्तीचे मूळ इंग्रजी राज्यात शोधून चालत नाही. गोंडांनी बोलावले, भोसल्यांनी जमिनी दिल्या आणि इंग्रजांनी मागाहून येऊन लिहून घेतले, असा तो क्रम आहे.

आता हा माग ज्या कागदांतून काढायचा, त्यांचे स्वभाव पाहू. कागदांनाही माणसांसारखे स्वभाव असतात.

पहिली भाटाची पोथी. पोवारांच्या गावांतून वंशावळी सांगणारे भाट येत. यजमानाच्या ओसरीवर बसून छत्तीस कुळांची नावे आणि त्या घरच्या पिढ्या म्हणून दाखवीत, नव्या मुलांची नावे लिहून घेत आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जात. या पोथीतल्या शेवटच्या पाच-सहा पिढ्या बहुधा बिनचूक असतात, कारण त्या ऐकणारे समोर बसलेले असत. त्याच्या वर गेलो की पोथी जरा सैल होते आणि अगदी वर प्रत्येक घराणे भोज राजाला जाऊन मिळते. भाटाला दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी जेवायचे, त्याला राजवंशाचा म्हणण्याने कोणाचे काही जात नव्हते.

दुसरी तीर्थोपाध्यायाची वही. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, हरिद्वार या ठिकाणी उपाध्ये यजमानांची नावे गावावार लिहून ठेवतात. ही वही भाटाच्या पोथीपेक्षा कमी बोलते, पण जास्त खरे बोलते. यात्रेकरू आला, त्याने आपले, बापाचे, आजाचे आणि गावाचे नाव सांगितले, ते उपाध्यायाने लिहिले आणि जमल्यास खाली यात्रेकरूची सही घेतली, बस्स. तिथे मोठेपणा सांगून मिळवायचे काहीच नसते. हरिद्वारच्या अशा वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने १९७७ पासून घेतली, यावरून त्यांचे मोल ध्यानी यावे. मात्र यात एक मेख आहे. यात्रेला जाण्याइतका पैसा ज्याच्या गाठी होता, त्याचेच नाव त्या वहीत येणार.

तिसरे दफ्तर सरकारी. १८१८ नंतर धाकटे रघूजी अज्ञान असताना रेसिडेंट जेंकिन्स नागपूरचा कारभार पाहत होता. त्याचा या राज्यावरचा अहवाल १८२७ चा आहे. त्याच काळात, १८२०-२१ मध्ये, जिल्ह्याचे ठाणे लांजीहून भंडाऱ्याला आले. १८५३ साली रघूजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. मग लॉरेन्स या अधिकाऱ्याने भंडाऱ्याचा जमीनबंदोबस्त केला. त्याचा अहवाल १८६७ चा आहे. या बंदोबस्तात गावोगाव एकच प्रश्न विचारला गेला, ‘या गावाचा मालक कोण?’

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. भोसल्यांच्या अमदानीत गावाचा पाटील हा सारा गोळा करून भरणारा माणूस. जास्त साऱ्याची बोली करणारा दुसरा पुढे आला, की जुन्या पाटलाला दूर व्हावे लागे. अशी कित्येक घरे, ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडले आणि पाळ घातली, ती बंदोबस्ताच्या वेळी गावात साधी कुळे म्हणून राहत होती. त्या दिवशी जो सारा भरत होता, तो मालगुजार म्हणून मालक ठरला. वंशावळीचे कागद जपून ठेवण्याची गरज तेव्हापासून वाढली, कारण आता त्यांच्यावर कोर्टात दावे चालणार होते. म्हणून मालगुजाराच्या पेटीत जेव्हा सुरेख लिहिलेली वंशावळ सापडते, तेव्हा मी आधी पाहतो ती कोणत्या साली आणि कोणत्या वाटणीच्या दाव्यासाठी लिहिली ते.

त्याच बंदोबस्तात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद झाला. गावचे रिवाज त्यात लिहिले आहेत : पाणी कोणाच्या बांधीला आधी, लाकूडफाटा कोणी कुठून आणायचा, गुरे कुठे चारायची. मला हा कागद वंशावळीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण वंशावळ एका घराची असते आणि हा कागद सबंध गावाचा.

चौथी नोंद कोतवालाची. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद कोतवालाच्या वहीत होई. तिच्या जोडीला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. शिक्षकाच्या नात्याने या रजिस्टराशी माझा रोजचा संबंध. आणि इथेच जुने नाव शोधणे ही केवळ हौसेची गोष्ट राहत नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची, तर अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची, भटक्या जमातीच्या माणसाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची आणि इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद दाखवावी लागते. जून-जुलैत शाळेच्या दाराशी माणसे उभी राहतात. ‘गुरुजी, आमच्या बुढ्याचं नाव पाहता का?’ बुढा म्हणजे आजोबा. जीर्ण पान उलटावे, शाई फिकटलेली असावी आणि त्यात ते नाव निघावे, की त्या माणसाचा चेहरा उजळतो. नाव निघत नाही, तेव्हा मात्र काय सांगावे ते सुचत नाही. एकदा एक ढीवर गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी आले होते. त्यांच्या चार पिढ्यांनी आमच्या तलावात मासे धरले, पण त्या चार पिढ्यांत शाळेत जाणारे पहिले तेच. त्यांच्या आज्याची नोंद शाळेत असणार कशी? कोतवालाच्या वहीचे ते पान वाळवीने खाल्लेले. शेवटी एका चुलत आज्याच्या नोंदीवर काम निभावले. मुलीला प्रवेश मिळाला, पण दोन महिने त्या घराला झोप नव्हती.

या साऱ्या वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या, म्हणजे कोण कोण आत आहे हे जसे दिसते, तसे कोण बाहेर राहिले तेही दिसते. कोलू पाटलाचे नाव राहिले. पण सतरा मैलांच्या तळ्याची पाळ एकट्या पाटलाने घातली नाही. टोपल्याटोपल्यांनी माती वाहणाऱ्यांचे नाव कुठल्याच वहीत नाही. बायका तर वंशावळीत येतच नाहीत. बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू, जणू काय झाडीतले वंश आयांवाचूनच वाढले! आणि ज्यांच्या रानात हे सारे वस्तीकर आले, त्या गोंडांच्या उठून गेलेल्या गावांची खूण कुठे एखाद्या ‘रिठी’ गावाच्या रूपाने तेवढी महसुलाच्या यादीत उरते. रिठी म्हणजे ज्या गावात आता माणूस नाही असे गाव. मेफ्लॉवरच्या उतारूंची यादी जपणाऱ्या देशातही किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्यांची यादी कोणी केली नव्हती; त्यात आम्ही काही वेगळे नाही.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते लघुरूप. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुष्कळांत गाळ भरला आहे. पूर्वी पाणी वाटून देणारा पाणकर गावाने नेमलेला असे. त्याचे कोणत्या घराशी काय ठरले होते, हे जुन्या कागदांत मिळते आणि तंटा झाला की ते कागद पुन्हा शोधले जातात.

याहून मोठी गोष्ट २००६ च्या वनहक्क कायद्याने घडवली. या कायद्याने जंगलाकाठच्या, जमाती नसलेल्या रहिवाशाला १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. आदिवासींना ही अट नाही. एकेकाळी वस्तीकराने येऊन जमीन धरली आणि रानातल्या माणसाला कागद मिळाला नाही. आज त्या वस्तीकराच्याच गरीब वंशजाला ‘तू इथला कशावरून?’ असे विचारले जाते. पण या कायद्याच्या नियमांत एक शहाणपण आहे. पुरावा म्हणून गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल आणि वंशावळ चालते. जुनी घरे, विहिरी, दफनभूमी, देवाची ठाणी चालतात. आणि गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले सांगणेही चालते. कोलासुराचे ठाणे हा सरकारदरबारी पुरावा होऊ शकतो, हे लॉरेन्ससाहेबाला सांगितले असते तर तो हसला असता.

आता दिवाळी आली. तिच्या मागोमाग झाडीत गावोगाव मंडई भरेल, रात्री दंडार आणि नाटके होतील, नागपूर-मुंबईला गेलेली माणसे चार दिवस घरी येतील. फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ एक शाळेची वही घेऊन बसावे, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे. आजोबांचे नाव विचारावे, आजीचे तर अवश्य विचारावे आणि तिचे माहेरही लिहावे. मूळ गाव कोणते, तिथून का निघाले, इथे पहिले घर कुठे बांधले, शेजारी कोण होते, बोडी कोणी खणली, पाळीवर माती कोणी टाकली, जे जे सांगतील ते सांगतील तसेच लिहावे. खाली तारीख घालावी आणि सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा. त्यात राजा भोज निघाला तर आनंदच आहे. नाही निघाला, तर टोपली वाहणाऱ्या एखाद्या बाईचे नाव निघेल, आणि ते दुसऱ्या कुठल्याच वहीत सापडणार नाही.