दोन किल्ल्यांचं कपाट

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेला लागलं की जांबोटी, पुढे कणकुंबी, मग घाट उतरून गोवा. १९६१ पर्यंत घाटाखाली पोर्तुगीज अंमल होता. घाटावरचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला. लग्नकार्य आणि बाजारहाट या हद्दी कधीच मोजत नाहीत. मॉर्फिनला मात्र त्या पुढे बरीच वर्षं आडव्या आल्या.

पूर्वी अफू उघड विकली जाई. १८७८ च्या कायद्याखाली इंग्रज सरकार दुकानांना परवाने देई. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवत. १९३० मध्ये घातक औषधांचा कायदा (डेंजरस ड्रग्ज ॲक्ट) आला आणि १९५९ पर्यंत औषधाखेरीज अफू खाणं देशभर बंद झालं. अफूपासून काढलेलं मॉर्फिन तेवढं कुलपाआड राहिलं. जुन्या कायद्याच्या आद्याक्षरांवरून पडलेलं ‘डीडीए’ हे नाव दवाखान्यांच्या बोलीत तो कायदा गेल्यावरही उरलं.

मॉर्फिनच्या या डीडीए कपाटाला दोन कुलपं, दोन किल्ल्या. ड्यूटी बदलताना सिस्टर एकेक ॲम्प्यूल मोजून चार्ज देते, रिकामी ॲम्प्यूल परत केल्याशिवाय भरलेली मिळत नाही, आणि उरलेलं औषध साक्षीदारासमोर ओतून टाकायचं.

पण कुंपणच शेत खाऊ लागलं तर?

चोरी बहुधा त्या ‘उरलेल्या’तच होते. पाच मिलिग्रॅम टोचायचं, दहाची ॲम्प्यूल फोडायची, राहिलेलं ‘टाकलं’ म्हणून लिहायचं. साक्षीदार घाईत न पाहताच सही ठोकतो. कधी सिरिंजमध्ये सलाईन भरून ठेवतात, दिसायला दोन्ही पाण्यासारखीच. म्हणून नुसती बेरीज जुळणं पुरत नाही. एकाच्याच पाळीत ॲम्प्यूल जास्त फुटतात का, कागदावर डोस दिलेला असूनही खाटेवरचा माणूस कण्हतो आहे का, हे ताडून पाहावं लागतं. दुसरी खूण सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित, कारण रजिस्टरला कण्हणं ऐकू येत नाही.

इंग्लंडात हॅरल्ड शिपमन हा डॉक्टर खोट्या चिठ्ठ्यांवर पेथिडीन हे वेदनाशामक मिळवून स्वतःच टोचून घेई. १९७६ मध्ये त्याला दंड झाला आणि तो पुन्हा दवाखान्यात बसला. २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. अमेरिकेत हृदयविभागातला एक तंत्रज्ञ फेंटॅनिल या वेदनाशामकाच्या सिरिंजा चोरून स्वतःला टोचे आणि त्याच सिरिंजा सलाईन भरून परत ठेवी. त्याच्यापासून रुग्णांना हेपॅटायटिस-सी झाला. एका राज्यात पकडून काढलं की हा दुसऱ्या राज्यात नोकरीला हजर! २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची कैद झाली.

आपल्याकडे उलटंच घडलं. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने मॉर्फिनच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची कैद ठेवली. हिशेब न ठेवणारा परवानाधारक किंवा त्याचा नोकर, दोघांनाही शिक्षा होती. शिवाय राज्यागणिक नियम वेगळे, परवाने चार-पाच. दवाखान्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी भीतीपोटी औषध ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये आख्ख्या देशात अवघं १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं, १९८५ च्या तुलनेत सुमारे ९७ टक्के कमी. चोराला आवरायला घातलेलं कुलूप कॅन्सरच्या रुग्णावर बसलं.

केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गाठ सोडवायला घेतली. त्या कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक अंमली औषधांचे नियम केंद्राकडे आले. कर्नाटक असो की गोवा, मान्यताप्राप्त रुग्णालयाला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता लागते. दैनंदिन रजिस्टर मात्र पहिल्यासारखंच भरावं लागतं.