बापाचें ऋण

१८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं कुणबी सावकारांच्या दारीं लोटले. धान्यही लुटलें गेलें. परंतु मुख्य रोष होता तो कर्जरोख्यांवर. ते त्यांनीं जाळले. कागदावर एवढा राग कां, हें कुणब्याच्या मरणाकडे पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यास तीन वर्षांची मुदत लाविली. ती टळूं नये म्हणून सावकारानें व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा करावा आणि निरक्षर कुणब्यानें त्यावर नांगराची निशाणी करावी, असा क्रम पडला. तो मेला म्हणजे देह जळे, रोखा राही. वस्तुतः १८६६ च्या कायद्यानें वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच ठेविली होती. पण पितृऋण फेडणें हा पुत्रधर्म, ही समजूत कायद्याहून जुनी. मुलगा नव्या रोख्यावर आपली निशाणी करी, आणि बापाचें कर्ज त्याचें स्वतःचें होई.

१८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांविषयींच्या कायद्यानें रोख्यामागील मूळ व्यवहार तपासणें न्यायाधीशाचें कर्तव्य ठरविलें. मेलेल्या बापानें मुळांत घेतलें तरी किती, हा प्रश्न कोर्टांत विचारला जाऊं लागला तो तेव्हांपासून.