विमा आणि आजाराचे मूळ

विमा आला म्हणजे आजार हटला, असा एक समज आढळतो. वास्तविक विमा आजार हटवीत नाही. तो खर्चाची वाटणी करतो. मात्र ही वाटणी कशी केली आहे, यावर माणूस डॉक्टरकडे वेळेवर जातो की रोग बळावल्यावर, हे पुष्कळसे ठरते. कामगार राज्य विम्याचा इतिहास आम्ही त्यासाठीच निवडला आहे.

जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कने आजारविम्याचा कायदा केला. त्यात औषधाबरोबर आजारपणातील भत्ताही होता. आपल्याकडे १९४३ साली अशा योजनेचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४४ साली अहवाल आला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला. मुंबईत ती १९५४ साली आली.

या योजनेतील खरी गोष्ट औषधाची बाटली नव्हे, भत्ता ही होय. गिरणी कामगाराचा खाडा पडला की रोज बुडे. म्हणून तो ताप अंगावर काढी, खोकला दाबून साच्यावर उभा राही. दवाखाना फुकट असला तरी तिथे जाणे त्याला परवडत नसे. आजारपणात पगाराचा काही भाग मिळू लागला, तेव्हा लवकर उपचार घेण्याची वाट मोकळी झाली. चाळीच्या एका खोलीत क्षय लवकर ओळखला गेला, तर घरातली बाकीची माणसे वाचतात आणि पुढचा खर्चही वाचतो.

या कायद्याचे कलम ६९ आणखी एक पाऊल पुढे होते. कारखान्यातील किंवा कामगारांच्या राहत्या जागेतील अस्वच्छतेमुळे, मालकाने आरोग्याचे नियम न पाळल्यामुळे आजार प्रमाणाबाहेर वाढला, तर आजारभत्त्यावर झालेला जादा खर्च मालकाकडे मागण्याचा अधिकार महामंडळाला होता. ज्याच्या हयगयीने रोग होतो, त्याच्याच खिशाला तोशीस लागावी, हा त्यातील न्याय. हवा खेळती ठेवणे हे दंड भरण्यापेक्षा स्वस्त पडले, तरच मालक खिडकी उघडतो!

पुढे १९८६ साली मेडिक्लेम आला. तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देणारा. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतील विमाही दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत देतो, तोही रुग्णालयातील उपचारांसाठीच. शस्त्रक्रियेच्या वेळी घरदार विकावे लागू नये, हे मोलाचेच आहे. आम्ही त्याला उणे लेखीत नाही. परंतु खाटेवर पडल्यावरच थैली उघडत असेल, तर रक्तदाब वेळेवर मोजून घ्यायला माणूस कशाला जाईल? मग बिल मोठे होते, आणि त्यामागून हप्ताही.

म्हणून विम्याचा कागद हाती आला की किती लाख मिळतील एवढेच पाहू नये. आजार होण्याआधी हा विमा काय करतो, आणि आजार निर्माण करणाऱ्याकडून काय वसूल करतो, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.