तिकीट

'तिकीट' आपल्याकडे इंग्रजीतून आलं, पण त्याचं मूळ फ्रान्सचं. जुन्या फ्रेंचमध्ये चिकटवणे या अर्थाच्या क्रियापदावरून चिकटवलेल्या चिठ्ठीचं नाव पडलं, त्याचंच हे रूप. शिष्टाचार या अर्थाचा 'एटिकेट' याचाच सख्खा भाऊ. मराठीने त्याला स्वतःचं क्रियापद दिलं: आपण तिकीट 'काढतो'. खिडकीच्या अरुंद भोकात मुठीतल्या नोटांसह हात घालून ज्यांनी ते काढलंय, त्यांना हे क्रियापद किती नेमकं आहे ते कळेल. नाहीच मिळालं, तर 'ब्लॅकने' घ्यायचं. थिएटरबाहेर 'पाच का दस' पुटपुटणारा माणूस निदान समोर दिसायचा.

सप्टेंबर २०२४मध्ये कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन निघाली. लाखो लोक फोनवर रांगेतला आपला नंबर बघत राहिले आणि हात हलवत परतले. २,५०० ते ३५,००० रुपयांची तीच तिकिटं लगोलग दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने झळकली. तिथे 'ब्लॅक' कुणी म्हणत नाही, 'रीसेल' म्हणतात. या सभ्य नावाचीच मला चीड येते. रांगेतल्या पोरांच्या तोंडचा घास पळवणं हा काळाबाजारच आहे, आणि त्याला मराठीत तेच म्हणावं.