बार्शी लाइट : ‘हलकी’ रेल्वे म्हणजे काय?

आता आपण बार्शी लाइट रेल्वेकडे येऊ. आज ‘लाइट रेल’ म्हटलं की शहरातली चकचकीत गाडी डोळ्यांपुढे येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या सोलापूर जिल्ह्यात ‘लाइट’ या शब्दाचा अर्थ फार वेगळा होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

मुंबई-सोलापूर हा मोठा लोहमार्ग बार्शी गावाला बाजूला ठेवून गेला. कापसाची एवढी मोठी पेठ, पण माल बैलगाडीने वीसेक मैल न्यायचा, तेव्हा कुठे स्टेशन. तिथवर रुंद रूळ टाकावेत, तर खर्च परवडत नाही. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हिशेबच उलटा मांडला. गाडीचं एकूण वजन किती, हा प्रश्न नाहीच. एका आसावर किती भार येतो, हा खरा प्रश्न! इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि गाडी मात्र भरपूर माल ओढते. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १८९७ साली बार्शीला धावू लागली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातलं लातूर, १९२७ मध्ये मिरज. दोनशे मैलांचं जाळं झालं. वारकऱ्यांनाही गाडी मिळाली.

पण स्वस्ताईची किंमत कुठेतरी मोजावीच लागते. इथे ती कुर्डुवाडीत मोजली गेली. अरुंद रुळांवरची वाघीण रुंद रुळांवर जात नाही. म्हणजे प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ हमालांनी एका गाडीतून काढायची आणि दुसरीत भरायची. वेळ गेला, मजुरी वाढली. पुढे मालमोटारी आल्या, त्या थेट दारात जाऊ लागल्या. तेव्हा हा खोळंबा जास्तच बोचू लागला. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली. रुंदीकरणाला मात्र पुढची काही दशकं लागली.

त्याचं मोल २०१६ च्या एप्रिलमध्ये कळलं. लातूर तहानलेलं होतं. मिरजेहून दहा टाक्यांची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला पोहोचली. वाट बरीचशी त्या जुन्या छोट्या गाडीचीच. पण आता मध्ये काही उतरवायचं नव्हतं.

मग कॅल्थ्रॉप चुकला का? मला तसं वाटत नाही. हलकी रेल्वे नसती, तर बार्शीला त्या काळात रेल्वेच आली नसती. त्यामुळे एखाद्या शहरात हलकी मेट्रो आणायची चर्चा निघाली, की फक्त मैलामागे खर्च किती, एवढंच विचारू नका. हेही विचारा : आपली कुर्डुवाडी कुठे होणार? आणि तिथे ओझं कोण उचलणार?