दुष्ट देवांचे बळ

देवांविषयी बोलावे ते कीर्तनकारांनी किंवा शास्त्री-पंडितांनी. आमची हयात कामगारांच्या सभा भरविण्यात आणि करारनामे वाचण्यात गेली. तरीही आज आम्ही देवांवर, आणि तेही दुष्ट देवांवर, बोलावयास उभे आहोत. हे देव कोणत्याही पुराणातले नाहीत. गेल्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेत एका खेळासाठी माणसांनी ते घडविले. त्यामुळे त्यांच्या जन्माची साले सांगता येतात, आणि देव कशाच्या आधारावर उभा राहतो तेही स्वच्छ दिसते.

खेळ असा. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन आपण काय करणार ते बोलतात. यशापयश फासे ठरवितात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी निघाला. पहिली आवृत्ती अवघी १००० प्रतींची. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स यांची विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्ये गेली होती आणि ते जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होते. या देवकुळाचा पाळणा हलला तो अशा घरी.

आरंभी खेळात नियम, तटस्थता आणि अनागोंदी असे तीनच पक्ष होते. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक या कादंबरीकारांचा तो प्रभाव. चांगले आणि वाईट ही दुसरी मोजपट्टी मागाहून आली, आणि १९७८ च्या नियमपुस्तकात दोहोंच्या मेळाने नऊ घरांचे कोष्टक सिद्ध झाले. देवांचे पहिले पुस्तक १९७६ मध्ये आणि दुसरे, मोठे, १९८० मध्ये निघाले. त्यांत ग्रीक व मिसरी देवांच्या पंक्तीस आपले इंद्र, अग्नी आणि यमही बसविले होते. १९८० च्याच एका साहसकथेत जाळे विणणाऱ्या कोळीकिड्यांची राणी लॉल्थ अवतरली, तेव्हा तिच्या प्राणांचे माप ६६ गुण असे छापले होते. ते संपले की देवी मेली! त्या काळात दुष्ट देवाचे काम दशावतारातल्या संकासुराचे होते: आरडाओरडा करीत यावे आणि मार खाऊन जावे.

पण अशा देवाला भजतो कोण? हा प्रश्न मनावर घेतला ग्रेग स्टॅफर्ड यांनी. त्यांच्या ग्लोरांथा या कल्पित जगातील धर्मपंथांचे पुस्तक १९७९ मध्ये आणि भयंकर पंथांचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मॅलिया नावाची रोगांची माता आहे. लोकांचे तिच्यावर प्रेम नाही. घरावरून तिने पुढे जावे म्हणून ते नैवेद्य ठेवतात. हे वाचून आम्हांस मरीआई आठवली. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. मात्र आपण मरीआईला दुष्ट म्हणत नाही, आई म्हणतो. नऊ घरांच्या कोष्टकात ती बसावयाची नाही. असो. दुष्ट देवाचा पहिला टेकू भीती, हे यावरून निश्चित होते.

दुसरा टेकू फूट. आर. ए. साल्व्हाटोर यांच्या १९९० च्या ‘होमलँड’ या कादंबरीत लॉल्थच्या भक्तांचे भूमिगत शहर आहे. तेथे वरच्या घराण्याचा गुपचूप नायनाट केल्याशिवाय खालच्याला वर चढता येत नाही. जो तो शेजाऱ्यावर पाळत ठेवतो. देवीकडे मान वर करून जाब विचारण्यास कोणालाच सवड नाही.

तिसरा टेकू करार. पायझो या कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या २००९ च्या खेळात अ‍ॅस्मोडियस हा जुलूम, गुलामगिरी, गर्व आणि करार यांचा देव आहे. हा कायदा मोडीत नाही. लिहिलेला शब्दन् शब्द तो पाळतो. विष असते ते बारीक अक्षरांत. साऱ्या देवांत हाच आम्हांस अधिक ओळखीचा वाटला. समोरचा माणूस गरजू असला की वाचून न पाहता अंगठा उठवितो, हे या देवाला पक्के ठाऊक असते.

हे टेकू उभे आहेत ते भक्तांच्याच खांद्यावर, ही गोष्ट ‘फॉरगॉटन रेल्म्स’ या जगाच्या १९८९ मधील कथेत उघड सांगितली आहे. सर्व देवांच्या वरचा आओ हा देवांना शिक्षा म्हणून पृथ्वीवर लोटतो. जुलमाचा देव बेन त्या धामधुमीत मरतो. अखेरीस आओ नवा दंडक घालतो: यापुढे देवाचे बळ त्याच्या भक्तांवर अवलंबून राहील. गंमत अशी की त्याच साली खेळाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि धार्मिक पालकांच्या ओरडीमुळे कंपनीने तिच्यातून सैतान व पिशाच यांची प्रचलित इंग्रजी नावे काढून टाकली. नावे गेली, तरी खरी स्फोटक गोष्ट त्या दंडकात होती. तिच्याविरुद्ध ओरड झाली नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायझोच्या कामगारांनी आपली संघटना जाहीर केली आणि त्याच महिन्यात कंपनीने तिला मान्यता दिली. ज्या छापखान्यासाठी अ‍ॅस्मोडियसचे करार रचले जात, तेथील माणसे आता स्वतःचा करार करावयास एकत्र बसली. त्या देवावरून त्यांना हे सुचले, असा आमचा दावा नाही. पण वार्ता वाचून आम्हांस बरे वाटले.

खेळात भक्त पांगले की देव दुबळा होतो. आमच्या अनुभवात ते इतके सोपे नाही. भिणाऱ्याच्या घरी चूल असते, लेकरे असतात. म्हणून मॅलियापुढे नैवेद्य ठेवणाऱ्याला आम्ही कधी भेकड म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. एकटा माणूस नैवेद्य बंद करील तर साथ प्रथम त्याच्याच घरात शिरेल. सगळ्या गावाने मिळून बंद करावयाचे ठरविले, तरच देवीला विचार करावा लागेल.